एका माणसाची खुर्ची

माझा भाचा बॉस्टनला असतो. हिवाळ्यात तो मुलांना घेऊन शेजारच्या व्हर्मॉन्ट राज्यात बर्फावर घसरायला, म्हणजे स्कीइंगला जातो. मागे एकदा फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, इथे एका डोंगरावर अजून एकेकच माणूस वर नेणारी लिफ्ट आहे. ती बदलायची वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि तशीच एका माणसाची पुन्हा बसवून घेतली!" आता जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढं पुरे असतं. मी बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये, पण या खुर्चीच्या मागे मात्र लागलो. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ही चेअरलिफ्ट म्हणजे काय ते बघू. माझ्या वयाच्या मंडळींनी विहिरीवरचा रहाट पाहिला असेल. पोहऱ्यांची माळ एका चाकावरून फिरते, भरलेले पोहरे वर येतात, रिकामे खाली जातात. चेअरलिफ्ट म्हणजे डोंगरावर आडवा घातलेला रहाटच. पायथ्याशी एक मोठं चाक, माथ्यावर एक मोठं चाक, दोन्हींभोवती पोलादी दोराचं अखंड कडं, त्याला ठरावीक अंतरावर पोहऱ्यांऐवजी लटकवलेल्या खुर्च्या. मधे खांब, खांबांवर दोर पेलणाऱ्या लहान चाकांच्या रांगा. माणूस पायांना स्की बांधून उभा राहतो, मागून खुर्ची येते, तो बसतो आणि वर जातो. खाली मात्र त्याने घसरत यायचं.

ही कल्पना निघाली कुठून, तर चक्क केळ्यांतून! १९३५-३६ च्या सुमारास अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांना हिवाळ्यात गाड्यांना प्रवासी हवे होते. हेच हॅरिमन पुढे मॉस्कोत राजदूत आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. त्यांनी फेलिक्स शाफगॉच नावाच्या एका ऑस्ट्रियन सरदाराला जागा शोधायला धाडलं. त्याने आयडाहो राज्यातलं केचम हे गाव पसंत केलं आणि तिथे 'सन व्हॅली' उभी राहिली. लोकांना डोंगरावर न्यायचं कसं हा प्रश्न रेल्वेच्या ओमाहा इथल्या इंजिनिअरांकडे गेला. ओमाहा हे नेब्रास्कातलं सपाट मैदानावरचं शहर. तिथल्या जेम्स करन या इंजिनिअरने पूर्वी उष्ण प्रदेशात केळ्यांचे घड जहाजावर चढवणारी यंत्रं उभारण्याचं काम केलं होतं. फिरता दोर, त्याला आकडे, आकड्यांना घड. करन म्हणाला, आकड्याच्या जागी खुर्ची लावा आणि घडाच्या जागी माणूस बसवा.

वरिष्ठांना हे धोक्याचं वाटलं. पण चार्ली प्रॉक्टर नावाच्या जाणकार स्कीपटूने ती कल्पना उचलून धरली. मग ओमाहात भर उन्हाळ्यात चाचण्या झाल्या. एका ट्रकच्या बाजूला खुर्ची लटकवली, पुढे माणूस उभा केला आणि ट्रक हळूहळू चालवत त्याला खुर्चीत 'उचलून' पाहिलं. बर्फ नव्हता, म्हणून पायाला चाकांचे स्केट्स बांधले. ताशी किती मैल वेगाने खुर्ची आली तर माणूस न पडता बसतो, हे अशा रीतीने ठरलं. डिसेंबर १९३६ मध्ये सन व्हॅलीत जगातल्या पहिल्या चेअरलिफ्ट सुरू झाल्या. त्या एकेका माणसाच्याच होत्या.

आता व्हर्मॉन्टकडे येऊ. तिथल्या स्टोव गावी १९४० साली माउंट मॅन्सफील्डवर एकेरी खुर्च्यांची लांबलचक लिफ्ट झाली. तिच्यामागे जे होते त्यांत रोलंड पामेडो हे एक. गृहस्थ न्यूयॉर्कचे, पण जीव डोंगरात अडकलेला. पुढे स्टोवचा व्याप वाढू लागला, हॉटेलं आली, गर्दी आली. पामेडोंना ते रुचेना. त्यांनी दुसरा डोंगर शोधला आणि तिथे 'मॅड रिव्हर ग्लेन' उभारलं. १९४८-४९ च्या हिवाळ्यात तिथली एकेरी लिफ्ट चालू झाली. सन व्हॅलीची लिफ्ट बांधणाऱ्या अमेरिकन स्टील अँड वायर कंपनीनेच हीही बांधली. भाच्याने सांगितली ती हीच.

इथून पुढे दोन्ही डोंगरांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या समजायला थोडं यंत्राविषयी सांगितलं पाहिजे.

जुन्या पद्धतीत खुर्ची दोराला पक्की आवळलेली असते. दोराचा वेग तोच खुर्चीचा. बसताना माणूस आपटू नये म्हणून सगळी लिफ्टच हळू चालवावी लागते, सेकंदाला फार तर अडीच मीटर. मग खुर्च्या दोघांच्या, तिघांच्या, चौघांच्या करत गेले, पण वेग तेवढाच. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज इथे डॉपलमायर कंपनीने चौघांची अशी लिफ्ट बसवली की जिची पकड स्थानकात दोर सोडते. खुर्ची सुटून रुळावरून संथपणे फिरते, माणसं आरामात बसतात, मग ती पुन्हा दोर पकडते आणि सेकंदाला पाच मीटरने निघते. वेळ निम्मा झाला. ताशी दोन-अडीच हजार माणसं वर जाऊ लागली. एकेरी खुर्चीवर हा आकडा पाचशेच्या आसपास असतो. साहजिकच जिकडे तिकडे जुन्या लिफ्ट उतरू लागल्या. स्टोवच्या एकेरी लिफ्टच्या जागी १९८६ मध्ये चौघांची वेगवान लिफ्ट आली.

यात चुकलं काय? काहीच नाही. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तासन् तास रांगेत उभं राहण्यात कसली आली आहे मजा! शिवाय जुनं यंत्र म्हणजे जोखीम. दोराच्या आतल्या तारा थकतात, पकडीच्या पोलादाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात, खांबांखालचं काँक्रीट पाणी गोठून-वितळून भुसभुशीत होतं. जुन्याच्या प्रेमापोटी लोकांचे जीव टांगणीला लावणं हे काही संस्कृतीरक्षण नव्हे. पण नवं म्हणजे निर्धोक असंही नाही हं. डिसेंबर १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिसलर इथे सुटत्या पकडीच्या एका वेगवान लिफ्टच्या खुर्च्या दोरावरून घसरल्या, एकमेकींवर आदळल्या, चार खाली कोसळल्या आणि दोन माणसं दगावली. त्यानंतर त्या बनावटीच्या लिफ्ट ठिकठिकाणी दुरुस्त तरी कराव्या लागल्या किंवा काढून तरी टाकाव्या लागल्या. त्या काही जुन्यापुराण्या नव्हत्या.

त्याच डिसेंबरात मॅड रिव्हर ग्लेनमध्ये वेगळंच घडलं. तिथल्या मालकीणबाई बेट्सी प्रॅट यांनी तो डोंगर स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेला विकला. सहकार म्हटलं की आपल्याला प्रवरानगरचा कारखाना आठवतो. अमेरिकेत, तेही करमणुकीच्या धंद्यात, सहकार असेल असं मला तरी वाटलं नव्हतं. भाग विकून पैसे उभे केले आणि सभासद मालक झाले. डोंगरावर गर्दी होऊ द्यायची नाही, झाडी आणि उतार जसे आहेत तसे राखायचे, हे त्यांनी आपलं धोरणच करून टाकलं.

सभासदांपुढे लवकरच खरा प्रश्न आला. लिफ्ट पन्नाशी ओलांडून गेली होती. आता करायचं काय? दोघांची नवी लिफ्ट घेतली तर ती स्वस्तात झाली असती, आणि माणसंही जास्त गेली असती. हिशेब सरळ होता. पण त्यांनी दुसराही हिशेब मांडला, आणि तो मला फार आवडला. जितकी माणसं वर जाणार तितकीच खाली येणार! मॅड रिव्हरच्या वाटा अरुंद, झाडीतून वळणं घेत येणाऱ्या, आणि बर्फ बहुतेक आभाळातून पडेल तेवढाच. वरची माणसं दुप्पट झाली की तोच बर्फ दुपारपर्यंत खरवडून जाणार. रांग पायथ्याशी संपली तरी गर्दी डोंगरावर जाऊन उभी राहणार. ती संथ लिफ्ट म्हणजे त्या डोंगराचा उंबरठा होता. उंबरठा काढला की घर मोठं होत नाही, फक्त वर्दळ वाढते.

सभासदांनी मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने एकेरी खुर्चीच राखायचं ठरवलं. व्हर्मॉन्टच्या वारसा जपणाऱ्या संस्थेची साथ मिळाली, देणग्या गोळा झाल्या. सुमारे सतरा लाख डॉलर लागले. २००७ च्या उन्हाळ्यात काम झालं. गंमत अशी की काम केलं ते वेगवान लिफ्टवाल्या डॉपलमायरच्याच अमेरिकन शाखेने. जुने पोलादी खांब उतरवले, घासून-रंगवून पुन्हा उभे केले. त्यांच्याखाली नवे पाये घातले. दोर नवा, मोटर नवी, खुर्च्याही नव्या, पण घाट जुनाच, एका माणसापुरता. जुन्या खुर्च्या लोकांनी पैसे मोजून घरी नेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात लिफ्ट पुन्हा चालू झाली. २०१२ मध्ये त्या स्थळाची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली.

आता वर्गात असतो तर एखाद्या पोराने हात वर करून विचारलं असतं, "सर, दोर नवा, मोटर नवी, खुर्च्या नव्या, मग जुनं राहिलं काय?" प्रश्न बिनतोड आहे. मला वाटतं, आपल्या भाषेत याला उत्तर आहे. त्याला जीर्णोद्धार म्हणतात. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा दगड बदलतात, कळस बदलतो, कधी लाकडी सभामंडप जाऊन दगडी येतो. तरी गावाच्या लेखी देऊळ तेच असतं, कारण लोक ज्यासाठी तिथे येतात ते बदललेलं नसतं. मॅड रिव्हरच्या लोकांनी आधी विचारलं, आपण इथे येतो कशासाठी? उत्तर आलं, निवांतपणासाठी. मग जे त्या निवांतपणाच्या कामाचं ते ठेवलं आणि जे केवळ थकलं होतं ते बदललं.

आपल्याकडे याच जागी गोंधळ होतो असं मला वाटतं. माझ्या पाहण्यातले किती वाडे गेले! काही वाडे पडायला झाले होते, त्यांत राहणं जिवावरचं होतं, ते गेले ते बरंच झालं. काहींना मात्र नुसती नवी तुळई हवी होती. कुणी विचारलंच नाही की या घरात राखण्याजोगं नेमकं काय आहे. एक गट म्हणाला सगळं पाडा, दुसरा म्हणाला एक वीटही हलवू नका. दोन्हीकडून विचार करायचा राहून गेला.

जाता जाता आणखी एक. सन व्हॅलीतली १९३९ सालची एक एकेरी लिफ्ट तिथे नकोशी झाली तेव्हा तिला भंगारात काढलं नाही. १९७४ मध्ये ती अलास्कातल्या कॉर्डोव्हा नावाच्या मासेमारीच्या लहान गावी गेली आणि माउंट आयाक या डोंगरावर उभी राहिली. त्यानंतरही कित्येक हिवाळे तिने गावातल्या माणसांना वर नेलं. थोरल्याचा सदरा धाकट्याला व्हावा, तसं!

तुमच्यापैकी कुणी अशा एकेरी खुर्चीत बसलं असेल तर जरूर लिहा. भाचा म्हणतो, वर जाताना शेजारी कुणी नसतं, त्यामुळे बारा-एक मिनिटं माणूस गप्प बसतो. आमच्या घराण्यातल्या माणसाने एवढा वेळ गप्प बसायचं म्हणजे मोठीच गोष्ट, हे नातेवाइकांना वेगळं सांगायला नको.