चक्का जाम

चक्का जाम (वाक्प्रचार, चक्का जाम करणे, चक्का जाम होणे). चालू वाहतूक किंवा काम एकाएकी आणि पुरते थांबवणे. हिंदीतला ‘चक्का’ आणि इंग्रजीतला ‘जाम’ यांची ही जोडी मराठीत आता घरची झाली आहे. 8 ते 27 मे 1974 या काळात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या रेल्वे संपाशी ही घोषणा जोडली जाते.

सांगली जिल्ह्याच्या इस्लामपूर भागात मात्र हा शब्द उसाचा. साखराळ्याचा राजारामबापू पाटील आणि वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर हे सहकारी साखर कारखाने इथल्याच वाळवा तालुक्यात. पुणे–बेंगळुरू महामार्गावरचे पेठ नाकेही इथलेच. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते. दराचा तिढा सुटला नाही की शेतकरी संघटना टायरगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या अडवतात. चाकांतली हवा सोडली जाते, उसाच्या मोळ्या रस्त्यावर उतरतात. तोडलेला ऊस पडून राहिला की दिवसागणिक वजन घटते, साखर उतारा उतरतो. कारखान्याला लवकर बोलणीस आणण्याची ताकद यातच आहे. झळ मात्र ज्याची तोड झाली त्या शेतकऱ्यालाही बसते, आणि टनावर मजुरी घेणाऱ्या ऊसतोड मजुराला तर सर्वांत आधी. दराच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते, हे अन्यायाचे आहे. नोव्हेंबर 2012 मधील ऊसदर आंदोलनात याच जिल्ह्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा बळी गेला.

इंग्रजीत अचानक थांबण्याला ‘स्टॉप डेड इन वन्स ट्रॅक्स’ म्हणतात. त्यातले ‘ट्रॅक्स’ म्हणजे रूळ नव्हेत, चालत्या पावलांचा माग. हा अर्थ मराठीत ‘जागच्या जागी थबकणे’, ‘पाय जमिनीला खिळणे’ यांनी नेमका येतो. उसाच्या सरीत नाग आडवा आला की माणूस जागीच थबकतो. तिथे चक्का जाम म्हणत नाहीत. थबकणे आपसूक घडते, चक्का जाम ठरवून केला जातो आणि त्याला चार माणसे लागतात.

अलीकडे ‘सर्व्हर बंद पडला आणि तहसील कचेरीचा चक्का जाम झाला’ असा सैल वापरही ऐकू येतो. एकट्या वाहनाला हा शब्द लावत नाहीत; ते ‘करकचून ब्रेक लागून’ थांबते.