सुरत ते गोवा: सव्वा तास

सुरतेच्या बमरोलीत एका स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्काम होता. मंडळी मूळची खानदेशातली. आजूबाजूला यंत्रमाग, त्यांची रात्रंदिवस खटखट. निघताना यजमानांनी विचारलं, "तुमचा गोवा इथून किती लांब हो?"

सरळ रेष ओढली तर सुरत ते दाबोळी सुमारे ६५० किलोमीटर. थेट विमान मिळालं तर सव्वा तास. उत्तर देऊन मोकळा झालो, पण डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला.

बमरोलीहून दमण शंभरेक किलोमीटर. १९६१ पर्यंत दमण आणि गोवा, दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली त्यांच्या हातून गेली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने गोव्याची रेल्वे बंद केली. मग गोव्याहून दमणला जायचं कसं?

त्याच १९५५ साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि पोर्तुगीजांनी 'ताइप' ही विमान कंपनी काढली. चार इंजिनांची छोटी हेरॉन विमानं, पंधराएक उतारू. मार्ग दाबोळी, दमण, दीव, कराची. भारताच्या भूमीवरून उडायची सोय नाही. किनारा उजव्या हाताला दूर ठेवून समुद्रावरूनच जायचं. हेरॉनचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या हिशेबाने दमणला दोन तास. मुंबई वाटेतच, पण तिथे उतरायचं नाही. म्हणजे दाबोळीच्या उतारूला विमानाने कराची जवळ आणि मुंबई लांब! आमच्या गोव्याचा भूगोल असा काही वर्षं उलटापालटा झाला होता.

दमणहून दादरा तर थोडक्या कोसांवर. तेवढ्या वाटेसाठी पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल आला १२ एप्रिल १९६० ला. १९५४ मध्ये सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला नव्हता. आणि भारताने त्या हक्काचा भंग केलेला नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं वाचलं असणार.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या रात्री फुटक्या धावपट्टीवरूनच दोन प्रवासी विमानं कराचीला निसटली. ताइपचं उड्डाण तिथे संपलं.

दमणकरांची पणजीची खेप मात्र चुकली नाही. ३० मे १९८७ ला गोवा राज्य होईपर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश, राजधानी पणजी. सुरत शेजारी, सरकार मात्र साडेपाचशे किलोमीटरवर. वापीला येऊन गाडीने मुंबई गाठायची, पुढे आगबोट किंवा बस. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. तोवर पणजीत दमणचं कामच उरलं नव्हतं.

मी परतलो तो रेल्वेनेच. अंधारात वापीला गाडी थांबली. दमणला जाणारी चार माणसं पिशव्या घेऊन उतरली आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करू लागली.