चुकलेला ठोका

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की गप्पा हमखास राजवाड्यावर जाऊन थांबतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन मेबॅक अजून आहे, दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी ती दसरा चौकात येते, आणि सोनं लुटायला जमलेल्या गर्दीतले निम्मे लोक आपट्याची पानं खिशात घालून तिचे फोटो काढत असतात. त्यामुळे ‘इथल्या मिस्त्र्यांना इंजिनाचं एवढं कसं कळतं?’ असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘महाराजांच्या गाड्या होत्या ना!’ म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावंही पाठोपाठ येतात, आणि ती यायलाच हवीत.

पण मला हे उत्तर कधी पुरेसं वाटलेलं नाही. गाड्या बडोद्यालाही होत्या, म्हैसूरलाही होत्या. राजवाड्याच्या मोटारखान्यात दोन-चार हुशार माणसं तयार होतील. तालुक्याच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायला लागेल, ते त्याने होणार नाही. त्याचं कारण शोधायचं तर राजवाड्याकडे पाठ करून राधानगरीच्या रस्त्याला लागावं, असं माझं मत आहे.

आधी दुखण्याविषयी. गाडी ‘मिस मारते’ म्हणजे काय? चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असेल, तर प्रत्येक सिलिंडरने आपली पाळी आली की एक ठोका द्यायचा असतो. तो ठोका पडला नाही, किंवा अर्धवट पडला, की गाडी मिस मारली. ठोका पडायला पेट्रोल-हवेचं मिश्रण लागतं, ते नीट दाबलं जावं लागतं आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. या तिघांत ठिणगीने माणसाला सर्वांत जास्त छळलं. बेंझच्या १८८६च्या गाडीत ठिणगी होती, पण तिचा भरवसा नव्हता. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, तेव्हा गाडी बेभरवशाच्या खेळण्यातून बाहेर आली. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंगची पद्धत १९१२च्या कॅडिलॅकवर आली: बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर. पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच पद्धतीवर धावल्या.

तिचं काम सांगायला सोपं आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. दोन पॉइंट एकमेकांपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर दूर होतात, प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. प्रवाह तुटतो तो झटक्यात तुटायला हवा. पॉइंटांच्या फटीत ठिणगी रेंगाळली की प्लगवर जाणारी ठिणगी अशक्त होते. हे रेंगाळणं थांबवण्यासाठी बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर असतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर हे सगळं सेकंदाला १०० वेळा घडतं. शंभरातला एखादा ठोका चुकला, तर तो सुटा असा कुणाला ऐकू येणार? गाडी जरा अडखळल्यासारखी वाटते, इतकंच. दुखणं खरं, पण ते गर्दीत लपलेलं असतं.

आता राधानगरी. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधायला घेतलं ते १९०९च्या सुमारास. वसवलेल्या गावाला मुलीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं नाव दिलं आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. पैशांअभावी काम मध्येच थांबलं, महाराज १९२२ साली गेले, आणि धरण पुरं व्हायला १९५०चं दशक उजाडलं. दर पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, आणि पंचगंगेकाठची माणसं सामान वरच्या माळ्यावर हलवायला लागतात.

पण माझ्या विषयाला दरवाज्यांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. इथलं पाणी प्रामुख्याने नदीतच सोडलं जातं. खाली जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं. झालं, पाणी नदीच्या पात्रात उभं राहिलं. शेत मात्र वर, काठावर. कालव्याचं पाणी आपल्या पायांनी शेतात येतं. इथलं पाणी उचलूनच न्यावं लागतं. मोट किती उचलणार? ऊस तर बारमाही तहानलेला.

म्हणून काठाकाठाने ऑइल इंजिनं आली. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना पुण्यात १९४६ साली सुरू झाला, आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या शेडांमधून इंजिनं, पंप आणि त्यांचे सुटे भाग बाहेर पडू लागले. गुऱ्हाळांवर चरकाला जुंपलेले बैल सुटले आणि तिथेही इंजिन येऊन बसलं. ज्या गावाने बाबूराव पेंटर आणि दादा मिस्त्री यांच्या हातून सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवून घेतला होता, त्या गावाला एक डिझेल इंजिन उघडून पाहायला कितीसा वेळ लागणार होता!

आणि हे इंजिन होतं एका सिलिंडरचं, सावकाश फिरणारं. मिनिटाला ६०० फेरे धरले, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने ३०० ठोके, सेकंदाला पाच. पाच ठोके माणसाच्या कानाला सुटे सुटे ऐकू येतात. एक चुकला तर शेताच्या दुसऱ्या टोकाला भांगलण करणारी बाई मान वर करून बघते. पाण्याची पाळी रात्रीची असली, तर आख्खं घर तो ठोका ऐकत झोपतं आणि तो थांबला की जागं होतं. इंजिन बंद म्हणजे पाणी बंद, आणि पाण्याची पाळी हुकली की पुढची कधी येईल ते दैवाधीन. राजवाड्यातली गाडी मिस मारली तर मिरवणुकीचा खोळंबा व्हायचा. इथे लागण वाळायची. कान तयार झाले ते या भीतीपोटी, असं मी मानतो.

याचं प्रात्यक्षिक मी एकदा पाहिलंय. एका मित्राकडे १९५०च्या दशकातली दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. आम्ही तिच्यातून दाजीपूरला निघालो होतो. राधानगरी ओलांडून चढ लागला तशी ती अडखळायला लागली. सपाटीला ठीक, चढावर अॅक्सिलरेटर दाबला की धक्के. गाडी परत उतारावर सोडून गावात आणली. पंपांची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. गाडीकडे त्यांनी कौतुकाने पाहिलंसुद्धा नाही. ‘मिस माराल्या व्हय?’ म्हणाले, ‘सारखी मारत्या का अधनंमधनं? गार असताना का तापल्यावर?’

हे दोन प्रश्न म्हणजे अर्धं निदान असतं. सारखी आणि एका तालात मिस मारत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर मेलेलं असतं: त्याचा प्लग, त्याची वायर किंवा त्याचा व्हॉल्व्ह. अधूनमधून, कुठल्याही पाळीला मारत असेल, तर चौघांचं मिळून जे सामाईक आहे, तिथे शोधायचं.

डिझेलवर हात बसलेला माणूस, म्हणून त्यांनी सुरुवात तेलापासून केली. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे दुखणं म्हणजे तेल, हवा नाहीतर दाब. त्यांनी पेट्रोलची नळी सोडवून धार पाहिली, फिल्टर पाहिला. धार चांगली होती. ‘तेल हाय. आता बत्ती बघू.’ चालू इंजिनात जाड कोरडं फडकं धरून एकेका प्लगची वायर काढली आणि बसवली. जी वायर काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. इथे चारही वेळा इंजिन सारखंच खाली बसलं. म्हणजे दोष सामाईक. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतून पुसलं. पावसाळ्याचे दिवस, ओल धरलेली असू शकते. भेग नव्हती, कोळशाची रेघ नव्हती. मग पॉइंट उघडले. ते निळे-काळे पडून खड्डे पडलेले. पॉइंट जळतात ते स्वतःच्या दोषाने कमी, कंडेन्सरच्या दोषाने जास्त. आणि कंडेन्सर तापला की दगा देतो, निवला की साळसूद होतो. चढावरच का? कारण अॅक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त दाबलं जातं आणि त्यातून उडी मारायला ठिणगीला जास्त जोर लागतो. अशक्त ठिणगी सपाटीला पुरते, चढाला पुरत नाही.

पुढची गोष्ट गंमतशीर आहे. ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा कंडेन्सर राधानगरीत कुठून मिळणार? मिस्त्री आत गेले, खिळे-बोल्टांच्या डब्यातून एक जुना कंडेन्सर घेऊन आले. अॅम्बेसेडरचा. पॉइंट घासले, फट बसवली, कंडेन्सर जोडला, आणि आम्ही दाजीपूरला जाऊन आलो.

यात योगायोग फार थोडा आहे. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की देशात गाड्या बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच इथे राहावं. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. उरल्या त्यांत हिंदुस्तानची अॅम्बेसेडर होती, आणि १९५९पासून तिच्यात जे १४८९ सीसीचं इंजिन बसलं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. फक्त तिथे दोन कार्बोरेटर आणि ताव जास्त. लुकास-टीव्हीएसने १९६०च्या दशकात मद्रासला लुकास पद्धतीची विजेची उपकरणं बनवायला घेतली, बंगळूरच्या मायकोचे प्लग होतेच. चेन्नईच्या स्टँडर्ड हेराल्डचं इंजिनही ट्रायम्फ स्पिटफायरच्या इंजिनाचं सख्खं भावंड. ज्या बंद दारांच्या धोरणाला आपण इतकी वर्षं नावं ठेवली, त्यानेच जुन्या स्पोर्ट्स कारची औषधं तालुक्याच्या डब्याडब्यात भरून ठेवली होती. धोरण बरोबर होतं असं मी म्हणत नाही. टॅक्सीवाल्यांच्या गरजेपोटी शौकिनांची सोय झाली, एवढं खरं.

आता तो डबा रिकामा होत चाललाय. नदीकाठची इंजिनं विजेच्या मोटरींनी केव्हाच घालवली. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, तेव्हा राधानगरीनेच आणलेलं राधानगरीच्याच जमान्यात गेलं म्हणा. उद्यमनगरातली कला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडे वळली. तिथे नव्या गाड्यांचे ओतीव भाग बनतात. त्या नव्या गाडीने ठोका चुकवला की स्कॅनर जोडतात आणि पडद्यावर आकडा येतो: पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. प्रत्येक ठोक्यामागे क्रँकशाफ्टच्या वेगात होणारा बारीकसा फरक संगणक मोजत असतो. काम तेच, वायर काढून कान देण्याचंच. फक्त ते आता मिस्त्र्याऐवजी सेन्सर करतो, आणि मिस्त्र्यापेक्षा अचूक करतो हेही कबूल केलं पाहिजे.

मित्राने पुढे पॉइंट आणि कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. गाडी उत्तम चालते. जुने पॉइंट आणि अॅम्बेसेडरचा तो कंडेन्सर मात्र त्याने कागदात गुंडाळून डिकीत, स्टेपनीच्या पोटात ठेवलाय. मॉड्यूल गेलं तर ते राधानगरीत कुणालाच दुरुस्त करता येणार नाही, असं तो म्हणतो.