जवसाचे तेल : घाण्यापासून डब्यापर्यंत



मजुरी, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या माणसाने लाकडाला लावावयाच्या तेलाचा विषय घेतला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या दृष्टीने हे दोन विषय फार दूरचे नाहीत. कुदळीचा दांडा, हातगाडीची मूठ, सुताराचा रंधा, या लाकडाशी कामगाराच्या तळहाताचा दिवसभर संबंध येतो. चकचकीत व्हार्निश दिलेला दांडा थोड्याच दिवसांत सोलतो व हाताला फोड आणतो. तेल मुरलेला दांडा वापराने अधिकच गुळगुळीत होतो. ते तेल कोणते, ते कोठून येई, आणि ज्याचे बी आपल्याच काळ्या जमिनीत पिकत होते ते तेल आपल्या सुताराने परक्या डब्यातून का घ्यावे, एवढाच इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम तेलाची जात ओळखू या. सर्व तेले सारखी नव्हेत. खोबरेल वर्षभर लाकडावर ठेवले तरी ते तेलच राहील. एरंडेल बैलगाडीच्या आसाला उत्तम, कारण ते वाळत नाही. आणि त्याच कारणाने ते पाटाला किंवा खुर्चीला निरुपयोगी. शेंगदाण्याचे तेल चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे खवट होते. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि लाकडाच्या रंध्रांत घट्ट होऊन बसते. ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी उडून जाते व वजन घटते. जवसाचे तेल वाळते तेव्हा त्याचे वजन वाढते. रसायनशास्त्रज्ञ ही शक्ती आयोडीन अंकाने मोजतात. खोबरेलाचा अंक दहाच्या आत, शेंगदाणा व एरंडेल यांचा ८५ ते १०० च्या आसपास, करडईचा १४५ च्या सुमारास, आणि जवसाचा १७० च्या वर. अंक जितका मोठा तितके तेल लवकर वाळते. लाकडासाठी तेल निवडण्याची सारी विद्या या चार आकड्यांत आहे.

आपल्या पूर्वजांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होते. जवसाचे संस्कृत नाव अतसी, दुसरे नाव उमा. पाणिनीच्या सूत्रांत तीळ व उडीद यांच्या जोडीला उमेचे नाव आले आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेप नावाचा टिकाऊ लेप सांगितला, त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा यांच्याबरोबर अतसीही आहे. बिब्बा आणि जवस, दोन्ही आपल्या विदर्भाच्या परिचयाचे. बिब्ब्याचे तेल लाकूड काळे करते आणि ओलाव्यापासून राखते. पण ते अंगावर उतते, म्हणून त्याला जपूनच हात लावावा लागतो. अफगाणिस्तानातील बामियानच्या बौद्ध गुहांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराची जी चित्रे आहेत, त्यांच्या रंगात वाळणारे तेल मिसळलेले असल्याचे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा तेलाचा रंग ही युरोपातच प्रथम लागलेली युक्ती होय, हे म्हणणे आता टिकत नाही. आपण ज्याला रोगण म्हणतो तो शब्दही फारसीतला असून त्याचा मूळ अर्थ तेल असाच आहे.

गावगाड्यात या तेलाचा प्रवास अगदी आखूड होता. शेतकरी रब्बीत गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात जवसाच्या ओळी टाकी. पीक पावसावाचून, जमिनीतल्या ओलीवर येई. तेली घाण्यातून तेल काढी. त्यातले काही चटणीभाकरीला, काही दिव्याला, काही सुताराकडे. ढेप जनावरांपुढे जाई, आणि तिचे सत्त्व शेणखतातून पुन्हा शेतात येई. सुतार बलुतेदार, त्याने घडविलेले तिफण, औत, चौकट, पाळणा यांना लागणारे तेल त्याच शिवारातले असे. हे जुने जग रम्य होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. त्यात जातीची बेडी होती आणि सुताराचे बलुते मालकाच्या मर्जीवर होते. परंतु तेल काढणारा, वापरणारा आणि पिकवणारा एकमेकांना ओळखत, एवढे खरे.

ही ओळख कशी तुटली? त्यासाठी १८५३ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. मे महिन्यात निजामाशी तह होऊन वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले, त्यात पुढे इंग्लंडही उतरले. रंग, व्हार्निश आणि छापण्याची शाई यांसाठी लागणारे जवस इंग्लंड मोठ्या प्रमाणावर रशियाकडून घेत असे. ती वाट अडली तेव्हा व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. तीन घटना तीन ठिकाणच्या, पण त्यांचा परिणाम वऱ्हाडातल्या शेतावर येऊन मिळाला.

१८६७ साली मुंबईची लोहमार्गाची वाट नागपूरपर्यंत पोहोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपल्या जिल्ह्यातील ठाणी त्याच मार्गावर. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. तो कापसासाठी निघाला हे सर्वांस माहीत आहे. पण रुळाला कापूस काय आणि जवस काय, दोन्ही सारखेच. मध्यप्रांत व वऱ्हाडचे जवस मुंबईच्या बंदरातून बाहेर जाऊ लागले, आणि नागपूर त्याची मोठी पेठ बनली.

याच सुमारास इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने एक गोष्ट हेरली. रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरते. ती साय त्याने बुचाच्या लाकडाच्या भुग्यात मिसळून कापडावर थापली, १८६३ साली तिचे हक्क घेतले आणि तिला लिनोलियम हे नाव दिले. जवसाला लॅटिनमध्ये लायनम म्हणतात, तेलाला ओलियम. साहेबांच्या दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत जी गुळगुळीत जमीन दिसे, तिच्या पोटात जवसच होते.

आता हिशेब पाहा. बी पोत्यातून गेले आणि रोगण डब्यातून परत आले. मधली सारी मजुरी, म्हणजे दळणे, गाळणे, कढवणे, रंग घोटणे, परदेशी कामगाराला मिळाली. आणखी एक नुकसान झाले, ते कोणाच्या वहीत लिहिले गेले नाही. बी गेले म्हणजे ढेपही गेली. गुरांचा खुराक आणि जमिनीचे खत, दोन्ही आगबोटीत चढले. कापसाच्या बाबतीत हा अन्याय पुष्कळांनी सांगितला आहे. जवसाच्या बाबतीत तो तितकाच खरा असून फार थोड्यांनी सांगितला. पिकते तेथे विकत नाही, अशी आपली म्हण आहे. येथे ते विकले गेले, पण मुरले नाही.

डब्यातून आलेल्या तेलात एक नवी वस्तूही आली. कच्चे जवसाचे तेल वाळावयास तीन दिवस किंवा अधिक घेते. कारखान्याला एवढी सवड नसते. म्हणून तेल कढवताना त्यात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची राख, घालीत. मग ते एका दिवसात वाळे. शेंदूर हाही शिशाचाच भाऊ. मारुतीच्या अंगावर तेलशेंदराचे जे कठीण कवच चढते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. देवाला शिशाची बाधा होत नाही, रंगाऱ्याला होते. पोटशूळ, मनगट लुळे पडणे, मुलांच्या बुद्धीवर परिणाम, ही त्याची फळे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९२१ साली शिशाच्या सफेद्याविरुद्ध ठराव केला तो रंगाऱ्यांच्या हालांमुळेच. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९० भाग, अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मधल्या ९५ वर्षांत किती हात लुळे पडले, याची नोंद कोण ठेवणार?

दुसरा धोका आगीचा. जवसाचे तेल प्राणवायू शोषताना उष्णता सोडते. लाकडावर पातळ पसरलेले तेल ती उष्णता हवेत टाकते. पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकला, तर ती आतल्या आत साठते आणि काडी न लावता बोळा पेटतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ३८ मजली इमारतीला अशाच चिंध्यांनी आग लागली आणि आग विझवणारे तीन जवान मरण पावले. मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीत जे घडले, ते आपल्या गल्लीतल्या सुतारशाळेत, भुशाच्या ढिगाजवळ, घडावयास किती वेळ लागेल? म्हणून चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावी. हा नियम प्रत्येक सुतारशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे.

तुटलेला धागा जोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या त्या संस्थेत झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या. दुसरीकडे नागपुरात डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली तंत्रशास्त्राची संस्था उभी राहिली, आणि तेलाचे तंत्र हा तिचा एक प्रमुख विषय झाला. एक वाट घाण्याची, दुसरी प्रयोगशाळेची. दोन्ही विदर्भातच होत्या. पण सुताराच्या दारापर्यंत दोन्हींपैकी एकही नीट पोहोचली नाही. पुढे कृत्रिम राळेचे रंग आले, १९८० नंतर सोयाबीन आले, आणि जवसाच्या ओळी आपल्या शिवारातून जवळजवळ पुसल्या गेल्या. हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो त्याने का पेरावा?

म्हणून प्रश्न गिऱ्हाइकाचा, म्हणजे आपला आहे. गेल्या काही वर्षांत शहरोशहरी लाकडी घाण्याची दुकाने निघाली आहेत. तेथे जवसाचे कच्चे तेल खाण्यासाठी मिळते; तेच लाकडाला चालते. ते काचेच्या पसरट भांड्यात, तोंडाला फडके बांधून, आपल्या वैशाखातल्या उन्हात काही आठवडे ठेवावे. गाळ खाली बसतो, तेल दाट होते आणि लवकर वाळू लागते. रंगाच्या दुकानात मिळते ते बेलतेल; त्याचा बेलाच्या झाडाशी काही संबंध नाही, ते कढवलेले जवसाचेच तेल. त्यात वाळवणारी धातूची द्रव्ये असतात, म्हणून ते दाराला, टेबलाला ठीक. पोळपाट, लाटणे, काठवट आणि मुलांची खेळणी यांना कच्चेच लावावे. भेसळीची शंका आल्यास काचेवर पातळ बोट ओढून आठवडाभर ठेवावे. वाळून कातडे धरले तर जवस. चिकटच राहिले तर त्यात दुसरे काही आहे.

लावताना हात पातळ असावा. पाव तासाने न मुरलेले तेल पुसून काढावे, एक हात पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. सागवानात स्वतःचा तेलकटपणा असतो, तो आधी टर्पेंटाईनने पुसून घ्यावा. आणि तेलाचे गुण गाताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे : ते वाळवीला रोखत नाही, आणि पावसाळ्यात ओलीच्या जागी त्यावर बुरशी येते. तेथे वरून मेणाचा हात द्यावा, किंवा उघड्यावरच्या कामाला दुसरे काही निवडावे.

शेवटी एकच सूचना करतो. एकेका सुताराने पावशेर तेल विकत घेतल्याने शेतकरी जवस पेरणार नाही. पण एका तालुक्यातल्या सुतारांनी, रंगाऱ्यांनी आणि अवजारे वापरणाऱ्या मजुरांनी मिळून वर्षाची मागणी नोंदवली, घाणेवाल्याशी दर ठरवला आणि घाणेवाल्याने हंगामाआधी चार शेतकऱ्यांना शब्द दिला, तर हरभऱ्याच्या कडेने निळ्या फुलांच्या ओळी पुन्हा दिसतील. मजुरी वाढवून मागताना आम्ही जी एकजूट मागतो, तीच येथे मागतो. दीडशे वर्षांपूर्वी आपले बी कोठे जावे हे दुसऱ्यांनी ठरवले. यंदा रब्बीच्या पेरणीपूर्वी ते ठरवावयास आपणांस कोणाची परवानगी लागत नाही.