चीड लाकडाची कातीव डबी

चीड म्हणजे पाइन लाकडाचा ठोकळा लेथवर फिरवून, आतून पोखरून आणि त्यालाच जुळणारे झाकण बसवून केलेली शोभेची डबी. कातकामाच्या जुन्या परंपरेत अशा डब्यांसाठी घट्ट, एकसारख्या पोताची लाकडे मानाची: युरोपात बॉक्सवुड आणि एबनी, चन्नपट्टणच्या लाखकामात काळा कुडा. चीड मात्र खोक्यांचे आणि पॅकिंगचे लाकूड, डबीला नालायक, असे अनेक कातारी ठामपणे सांगतात. या मताला आधार आहे, पण तो अपुरा आहे. बॉक्सवुडसाठी ठरलेला आकार, घट्ट झाकण आणि काचेसारखी झिलई चिडीवर लादली की ती हरते. आकार, झाकणाची बसण आणि झिलई चिडीच्या स्वभावावरून ठरवली, तर घट्ट पोताच्या लाकडाला न जमणारी शोभा ती देते.

ही शोभा वार्षिक वलयांची आहे. चिडीच्या प्रत्येक वलयात फिकट, मऊ वसंतकाष्ठ आणि गडद, टणक शरदकाष्ठ असे दोन पट्टे असतात, आणि दुसऱ्याची घनता पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. डबी साधारणपणे तंतू उभे ठेवून कातली जाते. भेंडापासून दूरचा ठोकळा घेतला तर त्यातली वलये जवळजवळ सपाट, समांतर थरांसारखी असतात. असा ठोकळा सरळ नळकांड्यासारखा कातला तर बाजूंवर नुसत्या उभ्या रेघा येतात. तोच मधे फुगीर कातला, की समोरासमोरच्या दोन बाजूंवर, नकाशातल्या समोच्च रेषांप्रमाणे, एकात एक लांबट वर्तुळे उमटतात आणि उरलेल्या दोन बाजूंवर रेघा दाट उभ्या राहतात. झाकणाच्या घुमटावर त्याच थरांच्या कमानी दिसतात. म्हणजे इथे नक्षी कोरावी लागत नाही, वक्रता बदलली की ती बदलते. बारीक मणी, पायऱ्या, धारदार कंगोरे हे बॉक्सवुडचे अलंकार. चिडीवर ते मऊ पट्ट्यात तुटतात, आणि टिकलेच तर वलयांशी भांडतात.

चीड नीट कातली जात नाही, हा पहिला आक्षेप. खरवडणाऱ्या हत्याराने वसंतकाष्ठ दबते, उपटते आणि पृष्ठभाग केसाळ होतो, हे खरेच आहे. पण हा दोष खरवडण्याचा आहे. धार लावलेल्या तिरप्या पटाशीने तंतू कापत गेले की तेच लाकूड तुकतुकीत निघते. आतून पोखरताना मध्यापासून कडेकडे कापत यावे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तंतूला मागच्या तंतूंचा आधार मिळतो. सॅक्सनीतल्या अर्झगेबिर्ग डोंगरातले झायफेन गाव याचा मोठा पुरावा आहे. तिथले कातारी सुमारे 1800 पासून चिडीच्याच कुळातल्या स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याचे कडे कातत आले आहेत. कडे उभे चिरले की प्रत्येक कापात घोड्याची किंवा गाईची आकृती निघते. मऊ लाकडात इतकी नेमकी रेषा निघते ती हत्याराच्या धारेमुळे. काचकागदाने मात्र चिडीचे नुकसान होते. तो मऊ पट्टे आधी खातो, टणक पट्टे उंच राहतात आणि बोटाला लाटा लागतात.

दुसरा आक्षेप झाकणाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ‘पट्’ आवाज करत निघणारे घट्ट झाकण ही कुशल कातकामाची खूण मानली जाते. चिडीत ते टिकत नाही, याचे कारण आकड्यांत मांडता येते. युरोपीय चीड (पायनस सिल्व्हेस्ट्रिस) ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या स्पर्शदिशेने सुमारे 8 टक्के आणि त्रिज्यादिशेने सुमारे 4 टक्के आकसते. तंतूंच्या दिशेने आकसणे नगण्य असते. कोरड्या ऋतूत लाकडात 10 टक्के ओलावा असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात तो 17 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. एवढ्या फरकाने 60 मिलिमीटरचे तोंड एका दिशेने सुमारे 1.2 आणि दुसऱ्या दिशेने सुमारे 0.6 मिलिमीटरने फुगते, म्हणजे गोल तोंड अंडाकृती होते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले झाकण जुलैत पाव फेरा वळवले, तर अडकणारच. उपाय असा की झाकण आणि बुडखा एकाच ठोकळ्यातून, शेजारचेच काढावेत, आधी ओबडधोबड कातून आठवडे-महिने वाळू द्यावेत, मग अखेरचे कातकाम करावे. झाकण सैलसर ठेवावे. तंतू जुळवून ठेवलेले दोन्ही भाग मग बरोबरच अंडाकृती होतात, आणि वलयांची रेघ झाकणावरून खाली अखंड उतरली की झाकण योग्य जागी आहे हे डोळ्यालाच कळते. जोडाच्या रेषेवर गाठ मात्र येऊ देऊ नये, ती भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळी हलते.

आपल्याकडे चीड बहुधा पॅलेटमधून हाती येते, पण म्हणून वाळवणे टळत नाही. त्यावरचा ‘एचटी’ शिक्का लाकूड वाळल्याची हमी देत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटे तापवला, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती कीड मारण्याची सोय आहे. तेवढ्या उष्णतेने लाकडातली राळही कडक होऊन पक्की बसत नाही, त्यासाठी भट्टीत 70 अंशांच्या वर जावे लागते. ‘एमबी’ शिक्का असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, असे लाकूड डबीसाठी घेऊच नये.

राळ हा तिसरा आक्षेप. ती काचकागद चिकट करते आणि गाठीतून पाझरून झिलई डागाळते. सावंतवाडी-चन्नपट्टणच्या पद्धतीने फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, तर घर्षणाच्या उष्णतेने हीच राळ वर येते, म्हणून ते काम चिडीवर करू नये. पण लाख दुसऱ्या रूपात उपयोगी पडते. स्पिरिटात विरघळवलेल्या चपडी लाखेचा पातळ हात गाठीची राळ अडवतो, हा सुतारकामातला मुरलेला उपाय आहे. त्यावर मेणाचा हात पुरतो.

मऊपणाचे काय, हा प्रश्न उरतो. चिडीवर नखाची खूण उमटते. त्यामुळे काठ जाड आणि गोलसर ठेवावा लागतो. रोज पिशवीत फिरणाऱ्या डबीसाठी चीड निवडू नये. फडताळात राहणाऱ्या, हाताने जपून उघडल्या जाणाऱ्या डबीला तेवढा टणकपणा पुरतो. काळ्या कुड्याची जागा चीड घेऊ शकत नाही आणि तिने ती घेऊही नये. पण पॅलेटमध्ये येऊन सरपणात जाणाऱ्या या लाकडाला डबीसाठी नालायक ठरवणे चूक आहे. नवशिक्या कातारीने पहिला ठोकळा चिडीचाच घ्यावा: बोथट पटाशी चिडीइतक्या लवकर दुसरे कोणतेही लाकूड दाखवून देत नाही.