हृदय आणि वर जाणारा बाण

आपण दिवसभर इमोजी पाठवत असतो. आजची गोष्ट त्या मुलांची, ज्यांच्यासाठी चिन्हं हेच बोलणं होतं.

१९७१, कॅनडातलं टोरांटो. तिथल्या एका केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं शिकत होती. त्यांना ऐकलेलं कळायचं, पण बोलता येत नव्हतं. पुढ्यातल्या तक्त्यावर चित्रं असायची, ती रोजच्या गरजांची. तहान लागली हे दाखवता यायचं. राग आलाय, हे कसं दाखवणार?

शिक्षिका शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चार्ल्स ब्लिस यांची चिन्हलिपी सापडली. नाझी छळछावणीतून सुटलेल्या ब्लिसनी ती वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांचं कळावं म्हणून बनवली होती. पुस्तक आलं १९४९ मध्ये. या लिपीत हृदय म्हणजे भावना. सोबत वर जाणारा बाण असेल तर आनंद, खाली जाणारा असेल तर दुःख. मुलं चिन्हं दाखवून स्वतःची वाक्यं जुळवायला लागली.

मुद्दा साधा आहे. मुलाला भावना सांगायला शिकवायचं, तर आधी तक्त्यावर तिला जागा हवी. आज तो तक्ता टॅबलेटवर आलाय. त्यामुळे ॲप बनवणाऱ्यांनो, पहिल्या स्क्रीनवर ‘पाणी’ ठेवाल, तेव्हा शेजारी ‘भीती वाटते’ आणि ‘नको’ही ठेवा.