मुलांसोबत पायी पाहावे असे जुने पुणे

पुण्यातील जुन्या पेठांचा भाग लहान आहे, पण गाडीतून तो दिसत नाही. शनिवारवाडा ते मंडई हा सुमारे तीन किलोमीटरचा फेरफटका आठ-दहा वर्षांच्या मुलांना थांबत थांबत दोन-तीन तासांत जमतो.

कुठून सुरुवात करावी?
शनिवारवाड्यापासून. 1730 मध्ये पहिल्या बाजीरावांनी त्याचे बांधकाम सुरू केले. 1828 च्या आगीत आतील इमारती जळाल्या, दगडी तट मात्र टिकला. दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे मुलांना दाखवा आणि ते इतक्या उंचावर का असतील, असे विचारा. हत्तीने कपाळाने धडक देऊ नये, हे उत्तर बरीच मुले स्वतःच शोधतात. वाड्यात कारंजीही होती. त्या काळी शहरात कात्रजच्या तलावातून पाणी येई, तेही पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर.

पुढे काय पाहावे?
जवळच ग्रामदैवत कसबा गणपतीचे मंदिर आहे. तेथून सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीकडे जावे. अठराव्या शतकातील या काळ्या दगडी मंदिरात तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे शिपाई कोरले आहेत. ते शिल्प मुलांना शोधू द्यावे.

परतीच्या वाटेवर बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा लागते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा येथे सुरू केली. मोडकळीस आलेला जुना वाडा डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. अनेक पेठांत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. म्हणून जे शिल्लक आहे, ते मुलांना आत्ताच दाखवायला हवे.

शेवटी महात्मा फुले मंडई. 1886 मधील ही वास्तू पूर्वी ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. तिच्या मध्यभागी अष्टकोनी मनोरा आहे.

काय काळजी घ्यावी?
रविवारी सकाळी लवकर निघावे, तेव्हा रहदारी कमी असते. पदपथ अरुंद असतात आणि मध्येच संपतात, त्यामुळे लहान मुलाचा हात धरून त्याला रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवावे. पाण्याची बाटली, टोपी आणि खाऊ सोबत असावा. खासगी वाड्यात विचारल्याशिवाय शिरू नये, घरातल्यांचे फोटो काढू नयेत.

मुलांना कंटाळा आला तर?
पाट्यांवरून आठवड्याचे वार शोधायला सांगा. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. या वाटेवर किती सापडतात ते मोजू द्या. उरलेल्या पुढच्या रविवारी.